पाऊसनोंद: तुलनेच्या चिन्हांवरच्या प्रकल्प नोंदी

रविवार, १ जून

गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आजपासून सुट्टीचा वर्ग सुरू केला. आठवी-नववीची मुलं आहेत. बहुतेक मराठी माध्यमाची, काही कन्नड माध्यमाची. दोन जुने लॅपटॉप, एक फळा आणि पायथन ही संगणकाची भाषा. पडद्यावरचे इंग्रजी शब्द या वहीत मी देवनागरीतच लिहिणार आहे, म्हणजे मुलांनाही वाचता येईल.

प्रकल्प साधा ठरवला आहे: रोजचा पाऊस मोजायचा, आकडा संगणकाला द्यायचा आणि त्याने सांगायचं की आजचा पाऊस हलका, मध्यम की मुसळधार. बेळगाव तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात जून ते सप्टेंबर दुसरा विषयच नसतो, त्यामुळे आकडे शोधायला कुठे जायला नको. माझा खरा हेतू मात्र तुलनेची सहा चिन्हं पक्की करून घेण्याचा आहे: == (सारखं आहे का), != (वेगळं आहे का), <, >, <= आणि >=. पुस्तकात ती एका पानात उरकतात. तक्ता दिला, दोन उदाहरणं दिली, की पुढचा धडा. पण पुढे जो काही निर्णय संगणकाकडून घ्यायचा असतो तो या चिन्हांवरच उभा असतो. म्हणून सगळा पावसाळा लागला तरी चालेल, पण हे नीट व्हायला हवं.

रविवार, ८ जून

आज = आणि ==.

मुलांना गणितातलं = पक्कं ठाऊक आहे. तिथे ते विधान असतं, म्हणजे डावं आणि उजवं सारखं आहे असं सांगणं. पायथनमध्ये एकटं = म्हणजे आज्ञा: उजवीकडचं घे आणि डावीकडच्या नावात ठेव.

पाऊस = 12
पाऊस == 12

पहिल्या ओळीवर संगणक गप्प बसतो, दुसऱ्या ओळीवर उत्तर देतो: ट्रू, म्हणजे खरं. एक आज्ञा, एक प्रश्न. फळ्यावर एवढंच लिहिलं आणि मुलांना आपापल्या मनाने ओळी लिहायला लावल्या. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात याचा मोठा फायदा झाला. ‘पाऊस’, ‘पातळी’, ‘वय’ अशी नावं दिल्यावर मुलं चिन्हाकडे बघतात, स्पेलिंगकडे नाही. आज्ञांचे शब्द इंग्रजीच राहतात, ते राहू देत.

एकाने विचारलं, ‘टीचर, हे बरोबरचं चिन्ह काढलं कोणी?’ प्रश्न आवडला. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली ते छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्या दोन वस्तू असणार, असं त्याचं म्हणणं होतं. < आणि > ही चिन्हं टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात १६३१ साली छापली गेली, त्याच्या मृत्यूनंतर. मुलांना हे ऐकून बरं वाटलं. चिन्हं आभाळातून पडलेली नाहीत, कुणीतरी विचार करून काढली आहेत, हे कळलं की त्यांची भीती कमी होते.

इफ (जर) लिहिल्यावर पुढे एकटं = टाकलं तर पायथन तिथेच अडवतो. सी भाषेत तेच चालून जातं आणि आत भलतंच घडतं. पायथनने सुरुवात करायचं हे माझ्या दृष्टीने मोठं कारण आहे.

रविवार, १५ जून

आज राकसकोप.

बेळगाव शहराला पाणी देणारा हा जलाशय आमच्याच बाजूला, मार्कंडेय नदीवर. पाणी २४७५ फुटांपर्यंत आलं की तो भरला. पावसाळ्यात पेपरात रोजची पातळी येते आणि घराघरांत ती वाचली जाते. म्हणून तोच आकडा घेतला.

मुलांना सांगितलं: पातळीवरून ‘दरवाजे उघडा’ किंवा ‘दरवाजे बंद ठेवा’ असं छापणारा प्रोग्राम लिहा. (खरे दरवाजे अर्थातच अभियंते बघतात, आवक आणि पुढचा पाऊस धरून. हा आमचा सराव.) बहुतेकांनी असं लिहिलं:

पातळी > 2475 असेल तर उघडा
पातळी < 2475 असेल तर बंद ठेवा

2474 दिलं, बंद. 2476 दिलं, उघडा. सगळे खूश. मग मी 2475 द्यायला सांगितलं. पडदा कोरा. चूक दाखवली नाही, उत्तरही नाही.

‘काहीच सांगेना की टीचर हे!’

दोन आकडे समोरासमोर ठेवले की शक्यता तीनच असतात: लहान, सारखा किंवा मोठा. आपण दोनच विचारल्या, तर तिसरी कुणाच्याच वाट्याला येत नाही. संगणक आपल्या वतीने अंदाज करत नाही आणि तेच त्याच्याकडून हवं आहे. १९५७ च्या फोरट्रान या जुन्या संगणक भाषेत तर इफची रचनाच तीन वाटांची होती: वजाबाकी ऋण आली तर या ओळीवर जा, शून्य आली तर त्या, धन आली तर तिसरीवर. तिथे तिसरी वाट विसरायची सोयच नव्हती. < आणि > ही चिन्हं त्या काळच्या कार्ड पंच करण्याच्या यंत्रांवर नव्हतीच, म्हणून पुढच्या फोरट्रानमध्येही तुलनेच्या खुणा टिंबांमध्ये अक्षरं लिहून करत.

मग ‘च्या उलट’ घेतलं. > च्या उलट काय? सगळ्यांनी एका सुरात < सांगितलं. मी फळ्यावर संख्यारेषा काढली, 2475 वर ठिपका ठेवला आणि ‘जास्त’चा भाग खडूने रंगवला. रंगवायचं राहिलं ते सगळं उलट. त्यात ठिपकाही आला. म्हणजे > च्या उलट <= आणि >= च्या उलट <. नववीतल्या एका मुलीने स्वतःहून सांगितलं की जोडीतल्या एकाच चिन्हाच्या खाली रेघ असते, कारण ठिपका एकाच बाजूला जाऊ शकतो. मी एवढ्या नेटकेपणाने ते कधी सांगितलं नव्हतं. तिच्याच शब्दांत फळ्यावर ठेवून दिलं.

भरला तो 2475 ला, तेव्हा आमचं उत्तर: पातळी >= 2475 असेल तर उघडा, नाहीतर बंद. दुसरी अट लिहायचीच नाही. ‘नाहीतर’मध्ये राहिलेलं सगळं येतं.

बुधवार, १८ जून

वाचनालयाच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. तोंड २०० चौरस सेंटीमीटर. या हिशोबाने १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. मोजायचं सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मुलं शाळेत जातात म्हणून वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा मोजायला तयार झाले.

रविवार, २२ जून

पहिल्या काही दिवसांचा पाऊस हातात आला आणि प्रोग्रामने पहिला गोंधळ दाखवला. 9.5 मिलिमीटरला ‘मुसळधार’. हवामान खात्याच्या वर्गांप्रमाणे मुसळधारची हद्द तर 64.5 ची होती. आणि मी गंमत म्हणून 115.6 दिलं तर म्हणे मुसळधार नाही.

एक मुलगा चिडलाच. ‘खोटं सांगालंय हे टीचर!’

खोटं नव्हतं. मुलांनी पावसाचा आकडा इनपुट या आज्ञेने घेतला होता, आणि इनपुटने जे येतं ते नेहमी मजकूर असतं. हद्दही एकाने अवतरणचिन्हात लिहिली होती. मग तुलना अशी झाली:

"9.5" >= "64.5"

मजकुराची तुलना शब्दकोशासारखी चालते, पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी. 9 हे 6 च्या पुढे, निकाल लागला, पुढचं बघायचं कारणच नाही. "115.6" चा 1 हा 6 च्या मागे, म्हणून तो लहान. संगणकाने प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. प्रश्न मात्र आम्हाला विचारायचा होता तो नव्हता.

हद्दीची अवतरणं काढली आणि पाऊस तसाच ठेवला, तर >= वर पायथनने सरळ चूक दाखवली: मजकूर आणि संख्या यांत लहानमोठं ठरवता येत नाही. हे चांगलं आहे. जुन्या पायथन २ मध्ये अशी तुलना चालून जायची. पण == चं तसं नाही. "12" == 12 विचारलं तर तक्रार नाही, शांतपणे फॉल्स, म्हणजे खोटं. तो मजकूर आहे, ही संख्या आहे, दोन्ही सारखे नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. मला या सगळ्यात ही सर्वात धोक्याची जागा वाटते. जिथे चूक दिसते तिथे मूल थांबतं आणि शोधतं. जिथे नुसतं फॉल्स येतं तिथे ते पुढे निघून जातं.

म्हणून वर्गाचा नियम केला: चिन्ह लिहिण्याआधी दोन्ही बाजूंना काय आहे ते मोठ्याने म्हणायचं. ‘डावीकडे मजकूर, उजवीकडे संख्या.’ म्हटलं की लगेच लक्षात येतं. आता आकडा घेतला की तिथल्या तिथे फ्लोट या आज्ञेने त्याची संख्या करतात.

वेळेच्या रकान्यातही हेच निघालं. "8:30" हे "10:00" पेक्षा मोठं ठरत होतं. पुढे शून्य लावून "08:30" लिहायला लागलो, काम झालं.

रविवार, २९ जून

आजोबांच्या नातीने पाऊस मोबाईलवरून भरला, मराठी कीबोर्डने: ९.५. आता काय होणार म्हणून सगळे लॅपटॉपभोवती. काहीच झालं नाही! फ्लोटने त्याचं 9.5 केलं. पायथनला देवनागरी अंक वाचता येतात. कन्नड माध्यमातल्या मुलीने लगेच कन्नड अंक देऊन बघितले, तेही वाचले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्या बाजूच्या मुलांना बसच्या पाटीवर कन्नड अंक, वहीत मराठी आणि मोबाईलवर इंग्रजी, असे तिन्ही अंक रोज भेटतात. या तिन्हींना संगणक एकच किंमत देतो हे त्यांनी स्वतः करून बघितलं.

मात्र हे संख्या केल्यावर. मजकूर म्हणून ठेवलं तर "५" == "5" फॉल्स. आणि लहानमोठं विचारलं तर "१" > "9" ट्रू! युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. इंग्रजी 9 चा क्रमांक ५७, देवनागरी ० चा २४०६, कन्नड अंकांचे ३३०२ पासून पुढे. मजकूर तुलनेत हेच क्रमांक भिडतात. म्हणजे देवनागरीतला कुठलाही अंक इंग्रजीतल्या कुठल्याही अंकापेक्षा मोठा, आणि कन्नड त्याहून मोठा.

आणखी एक: प्रोग्रामच्या आत संख्या लिहिताना देवनागरी अंक चालत नाहीत, तिथे 64.5 असंच लिहावं लागतं. बाहेरून आलेला मजकूर तो वाचतो, पण स्वतःच्या मजकुरात घेत नाही. म्हणून या वहीतही प्रोग्राममधले आकडे इंग्रजी अंकांत आहेत.

रविवार, ६ जुलै

पाऊस वाढला. रोप लागवड सुरू झाल्याने मुलं चिखलाच्या पायांनीच येत आहेत, काही येतही नाहीत.

जोराचा पाऊस असला की बाटली भरते, म्हणून आजोबा हप्त्याहप्त्याने ओततात आणि प्रत्येक हप्ता लिहून खाली बेरीज करतात. त्यांची बेरीज प्रोग्रामने तपासावी अशी कल्पना निघाली. चांगली कल्पना. हप्ते 1.1 आणि 2.2, बेरीज 3.3.

1.1 + 2.2 == 3.3

फॉल्स.

आजोबांची बेरीज चुकली असं मानायला कुणी तयार नव्हतं. नुसती बेरीज छापायला लावली तेव्हा पडद्यावर आलं 3.3000000000000003.

इथे थांबून वेळ दिला. दहाच्या पद्धतीत १ भागिले ३ लिहायला गेलं तर ०.३३३ संपतच नाही, हे मुलांना माहीत आहे. संगणक दोनच्या पद्धतीत लिहितो, आणि तिथे एक दशांश तसाच न संपणारा निघतो. कुठेतरी तोडावा लागतो. तोडलेले दोन तुकडे मिळवले की शेवटच्या घराला फरक दिसतो. अर्धा मात्र दोनच्या पद्धतीत नेमका बसतो, म्हणून 2.5 आणि 64.5 या हद्दी नेमक्या आहेत, 15.6 आणि 115.6 नाहीत. अपूर्णांकांपुढे == लिहू नये असं सगळे सांगतात. कारण कळल्याशिवाय तो नियम मुलांच्या डोक्यात राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग भागाकार करायचाच कशाला, असा प्रश्न नववीतल्या त्याच मुलीने विचारला. आजोबा मोजतात मिलिलिटर. ते पूर्णांक. आपणच त्याला २० ने भागून अपूर्णांक करतो आणि मग रडतो. हद्दीच २० ने गुणून ठेवा. अख्ख्या प्रकल्पातला सर्वात चांगला निर्णय हाच, आणि तो तिचा. 2.5 चे झाले 50, 15.6 चे 312, 64.5 चे 1290, 115.6 चे 2312, 204.5 चे 4090. आता सगळ्या तुलना पूर्णांकांच्या.

रविवार, १३ जुलै

मिलिलिटरवर आल्यामुळे एक नवी फट उघडी पडली, आणि तिच्यावर आजचा सगळा वर्ग गेला.

हवामान खात्याचे वर्ग असे छापलेले असतात: २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. खात्याचा आकडा एका दशांश स्थळापर्यंतच असतो, त्यामुळे ६४.४ नंतर थेट ६४.५ येतो आणि मध्ये काही उरत नाही. मुलांनी दोन्ही टोकं जशीच्या तशी गुणून घेतली:

312 <= मिली <= 1288 असेल तर मध्यम
1290 <= मिली <= 2310 असेल तर मुसळधार

1289 आला तर? ना मध्यम, ना मुसळधार. आमचं मोजपात्र एक मिलिलिटरपर्यंत वाचता येतं, म्हणजे खात्याच्या दशांशाच्या मधोमध आमचा आकडा पडू शकतो. छापलेला तक्ता चूक नाही, तो त्याच्या मोजमापाला बरोबर आहे. मोजमाप बदललं की हद्द पुन्हा तपासावी लागते.

दोन मतं पडली. एका गटाचं म्हणणं, 1289 म्हणजे ६४.४५, तो जवळच्या दशांशावर नेऊन मग तुलना करा. पण तो ६४.४ आणि ६४.५ च्या बरोबर मध्ये आहे, नेणार कुठे? दुसऱ्या गटाचं म्हणणं, वरचं टोक लिहूच नका. प्रत्येक वर्गाची फक्त सुरुवात लिहा, आणि पुढच्या वर्गाची सुरुवात हाच याचा शेवट:

312 <= मिली < 1290

डावीकडे रेघ आहे, उजवीकडे नाही. असे तुकडे एकापुढे एक लावले की फटही राहत नाही आणि एक आकडा दोन वर्गांत जातही नाही. दुसऱ्या गटाचं मान्य झालं. मुळात हद्दीवरचा आकडा कुणाचा हे ठरवायचं काम माणसाचं आहे. ते आधी ठरवायचं, मग चिन्ह लिहायचं. आम्ही ठरवलं: हद्द वरच्या वर्गाची.

तपासणीची वहीही आज केली. प्रत्येक हद्दीसाठी तीन आकडे द्यायचे: हद्दीच्या एक खाली, नेमकी हद्द, एक वर. 1289, 1290, 1291. मधले शंभर आकडे देण्यापेक्षा हे तीन जास्त सांगतात. अपेक्षित उत्तर पेन्सिलने आधी लिहायचं, मग एन्टर दाबायचं. पडद्यावर उत्तर आल्यावर ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं सगळ्यांनाच वाटतं. म्हणून पेन्सिल आधी.

बुधवार, १६ जुलै

पावसामुळे शाळांना सुट्टी. दुपारी काही मुलं आपणहून आली. अटींचा क्रम उलटा लावून बघितला: आधी मिली >= 50, मग मिली >= 312, मग मिली >= 1290. सगळा पाऊस ‘हलका’च. 1500 सुद्धा पहिल्याच दारातून आत जातो, पुढच्या दारांपर्यंत पोचतच नाही. मोठ्या हद्दीपासून खाली यायचं, हे एका करून बघण्यात समजलं.

रविवार, २० जुलै

माझा भाचा बेळगावात अभियांत्रिकीला आहे, तो आज आला होता. आमची 312 <= मिली < 1290 ही ओळ बघून त्याने सांगितलं की सीमध्ये अशी ओळ चालेल, पण कायम खरीच निघेल. मुलांना पटेना. त्याने लिहूनच दाखवलं. सी डावीकडून सुरू करतं, 312 <= मिली याचं उत्तर 1 किंवा 0 काढतं, आणि मग ते 1 किंवा 0 हे 1290 पेक्षा लहान आहे का ते विचारतं. असणारच. पायथन मात्र गणितातल्यासारखं वाचतो: मिली दोन्हींच्या मध्ये आहे का. त्यामुळे दुसऱ्या भाषेत गेलात तर दोन तुलना वेगळ्या लिहून मध्ये ‘आणि’ची खूण घालायची, असं वहीत ठळक लिहून घेतलं.

भाच्याला मुलं ‘दादा’ म्हणून प्रश्न विचारत होती आणि तो फळ्यासमोर चांगलाच रमला. पुढच्या वर्षी त्याला एक पूर्ण भाग शिकवायला द्यावा असं मनात आहे.

रविवार, २७ जुलै

पंचमीच्या आधीचा रविवार, त्यामुळे निम्मीच मुलं.

आजोबा मध्यंतरी आजारी होते, काही दिवसांची नोंद नाही. मुलांनी तिथे 0 भरला होता. मग प्रोग्राम त्या दिवसांना ‘पाऊस नाही’ म्हणू लागला, आणि त्या दिवशी तर ओढे भरून वाहत होते! शून्य ही नोंद आहे. नोंद नसणं ही वेगळी गोष्ट आहे. दुष्काळाचा आणि पुराचा हिशोब अशा शून्यांवर पुढे होणार असेल तर हा फरक जीवघेणा ठरू शकतो, हे मी मुलांना अगदी स्पष्ट सांगितलं.

पायथनमध्ये नन ही किंमत यासाठीच आहे. नन == 0 फॉल्स. नन >= 50 विचारलं तर चूक दाखवून थांबतो. थांबू दे. तुलना करण्याआधी ‘नोंद आहे का’ हे विचारायची सवय त्यामुळेच लागते. काही जण -1 लिहायचं म्हणत होते, पण मग -1 < 50 खरं ठरून तो दिवस ‘अगदी हलका’ होतो, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा.

नॅन या किमतीबद्दलही थोडं सांगितलं. ती अपूर्णांकांच्या हिशोबात ‘ही संख्याच नाही’ म्हणून येते, आणि तिची स्वतःशी == तुलना केली तरी उत्तर फॉल्स. मोठ्या मुलांना ते फार आवडलं.

रविवार, ३ ऑगस्ट

आता दुसऱ्या गल्लीतही एक मापक बसवला आहे. जागेचं नाव भरताना एक अडचण आली. ‘दुसऱ्या गल्लीत’ हे लॅपटॉपवर आणि मोबाईलवर लिहिलेलं अक्षर न अक्षर सारखं दिसत होतं आणि == म्हणत होतं फॉल्स. लांबी मोजली: ‘दुसऱ्या’ एकीकडे ७, दुसरीकडे ८. आपला ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ऱ हे एकच अक्षर असतं, एकात र आणि खाली नुक्ता, एकात र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. नुक्त्याचा फरक प्रमाणीकरणाने (सगळ्या तऱ्हा एकाच रूपात आणल्या की) जातो, न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा जात नाही. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी स्वतः बघायला हवं. शेतकऱ्यांच्या याद्यांत, सातबाऱ्यावर, गावोगावच्या नोंदींत हे अक्षर पदोपदी येतं, आणि डोळ्यांना एक दिसणारी दोन नावं यंत्राला दोन माणसं वाटू शकतात.

उपाय: जागेचं नाव लिहायचंच नाही, यादीतून क्रमांक निवडायचा.

यादी लावतानाही असंच. मुलांच्या नावांचा क्रम लावला तर सगळी मराठी नावं आधी आणि कन्नड लिपीतली शेवटी, कारण युनिकोडमध्ये कन्नडचे क्रमांक देवनागरीच्या पुढे आहेत. आणि ‘काळ’ हा ‘काशी’च्या आधी आला. आपल्या तक्त्यात ळ हा ह नंतर असतो, युनिकोडमध्ये ल ला चिकटून. < हे चिन्ह वर्णमाला जाणत नाही, क्रमांक जाणतं. हजेरी लावायला हे पुरतं. शब्दकोश करायचा तर भाषेचा क्रम वेगळा शिकवावा लागेल. कन्नड माध्यमाच्या मुलांनी ‘आमची नावं शेवटी का’ विचारलं. हा क्रम फक्त साठवणीच्या क्रमांकांचा आहे हे समजावलं आणि हजेरीत नावं प्रवेशाच्या तारखेने लावली.

रविवार, १० ऑगस्ट

दोन मापकांचे आकडे शेजारी ठेवले. एकाही दिवशी == खरं निघालं नाही. गच्ची आणि गल्ली यांत हाकेचं अंतर, तरीही. मुलांना वाटलं कुणीतरी नीट मोजत नाही. पण वारा, भिंतीचा आडोसा, पाणी ओतताना राहिलेला थेंब, यांमुळे दोन मापकं तंतोतंत एक सांगणार नाहीत. इथे ‘सारखे आहेत का’ हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते असं: दोघांतला फरक आपल्याला चालेल इतका आहे का.

ॲब्स(गच्ची - गल्ली) <= सूट

ॲब्सने वजाबाकीचं ऋण चिन्ह जातं, म्हणजे कोण मोठं याने फरक पडत नाही. ‘सूट’ किती ठेवायची यावर वाद झाला. एकाने 20 सांगितले, म्हणजे १ मिलिमीटर. तो मुद्द्याला धरून होता, पण 40 मिलिलिटरच्या दिवशी 20 चा फरक म्हणजे निम्मा आणि 2000 च्या दिवशी नगण्य. मग मोठ्या आकड्याचा विसावा भाग ठेवू, असं दुसरा म्हणाला. त्यावर आठवीतल्या मुलीने विचारलं की दोन्हीकडे अगदी थोडा पाऊस असेल, 3 आणि 5, तर विसावा भाग शून्याजवळ जातो आणि साध्या थेंबाच्या फरकालाही ‘जुळत नाही’ येईल. तिघांचंही बरोबर. शेवटी दोन्ही ठेवलं: विसावा भाग किंवा 4 मिलिलिटर, यांतलं जे मोठं असेल ते. भागाकारातून अपूर्णांक पुन्हा घुसू नये म्हणून तिने फरकालाच 20 ने गुणलं आणि मोठ्या आकड्याशी तुलना केली. 6 जुलैची युक्ती तिला बरोबर आठवली.

तपासणीच्या वहीत नव्या हद्दीचे तीन-तीन आकडे पेन्सिलने भरून झाले. 80 मिलिलिटरला दोन्ही नियम नेमके एकत्र येतात, 80 चा विसावा भाग 4, तेव्हा 79, 80 आणि 81 मुद्दाम घातले. पुढच्या रविवारी ते चालवून बघायचे, आणि लागवड आटोपून आलेल्या मुलांना 13 जुलैची फट पुन्हा एकदा फळ्यावर दाखवायची.